दऱ्या आणि दर्या

मंडळी, हा पेन ड्राइव्ह पाहा. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकांच्या अकरा वर्षांच्या फायली यात आहेत. त्यातली एक परवा उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणांचा नुसता सडा. त्या काळच्या डीटीपी (संगणकावर छपाईची पानं मांडण्याच्या) फॉन्टमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा संकेतांक, म्हणजे संगणकातला ओळख-क्रमांक, नसायचा. रोमन अक्षराच्या जागेवर फॉन्ट मराठी आकार चढवायचा. फॉन्ट गेला, की खालचं रोमन उघडं. आणि ज्या पॅकेजबरोबर तो फॉन्ट मिळायचा, ते आमच्या नव्या संगणकावर चालतच नाही. वर्गणी काढून घेतलं होतं हो ते! आपलंच लेखन, पण कुलूप दुसऱ्याचं.

युनिकोड या जगभरच्या लिप्यांना संकेतांक देणाऱ्या मानकानं देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या. ‘क’चा संकेतांक ०९१५, पुण्यात, पणजीत, टोरांटोत तोच. फॉन्ट बदला, अक्षराचं वळण बदलेल, अक्षर नाही.

आता टंकायचं कसं? भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१च्या मानकातला इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. वेगळं काही विकत घ्यायचं नाही, भाषेच्या सेटिंगमधून चालू करायचा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. ‘क’च्या कळीवरच शिफ्ट दाबून ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. आपली वर्णमालाच तिथे मांडलीय. रोमनमधून उच्चारानुसार टंकणारे पुष्कळ आहेत आणि सुरुवातीला ते सोपंही जातं. पण माझं स्पष्ट मत आहे, मराठी लिहिताना मनात आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवावं लागू नये.

एकच शब्द करून पाहू. इंग्रजी कळींच्या खुणांनी सांगतो. ‘ओ’ दाबा, द आला. मग ‘जे’ म्हणजे र, ‘डी’ म्हणजे हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), तिरप्या रेघेच्या कळीवर य, आणि ‘ई’वर काना. झालं ‘दर्या’, म्हणजे समुद्र. आता तेच परत करा, फक्त ‘जे’ शिफ्टसह दाबा. ‘दऱ्या’! सह्याद्रीतल्या. एवढ्या एका शिफ्टसाठी मी तुमच्यापुढे उभा आहे म्हणा ना. हिंदीला हा ऱ्य लागत नाही, आपल्याला पावलोपावली लागतो: वाऱ्यावर, खोऱ्यात, दुसऱ्याला.

लिहायला साधा टेक्स्ट एडिटर पुरतो. नोटपॅड प्लस प्लस हा २००३पासूनचा मुक्त एडिटर विंडोजवर उत्तम चालतो. पुस्तकाची मांडणी करायची तर लिबरऑफिस हे मुक्त ऑफिस पॅकेज घ्या. मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. ते वापरण्याची, उघडून पाहण्याची, बदलण्याची, वाटण्याची मोकळीक. फाइल जतन करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, युनिकोडची यूटीएफ-८ आहे ना, हे मात्र बघाच. चुकून एएनएसआय या जुन्या पद्धतीत जतन केली, तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर परिवर्तकानं, म्हणजे तो युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रामनं, परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हांतून काहीच परत येत नाही.

आमचे सात अंक असे परत मिळाले. पण परिवर्तनात जागोजागी ‘ऱ्य’चा ‘र्य’ झालाय आणि हे मशीनच्या लक्षात येत नाही, वाचणाऱ्यालाच दिसतं. ज्यांना रविवारी सकाळी दोन तास देता येतील, त्यांनी जाताना या टेबलापाशी नाव लिहून ठेवा. चार अंक अजून बाकी आहेत.