सिंड्रेलाचा नंबर कोणता?

नमस्कार मंडळी.

एनिआग्राम म्हणजे वर्तुळातले नऊ बिंदू रेषांनी जोडणारी आकृती आणि तिच्यावर मांडलेले एक ते नऊ नंबरांचे स्वभावप्रकार. ते एव्हाना आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर आलेत. प्रश्नावली भरायची, नंबर मिळवायचा आणि मग ‘मी पाच, म्हणून मला माणसांत मिसळायला नको वाटतं’ असं सांगत सुटायचं. मला हे खटकतं. वर्तुळातली ती आकृती आध्यात्मिक गुरू गुर्जिएफ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिष्यांना शिकवली. तिच्यावर स्वभावांची मांडणी केली ऑस्कर इचाझो यांनी, आणि चिलीचे मनोविकारतज्ज्ञ क्लॉडिओ नारान्हो यांनी १९७० च्या दशकात ती कॅलिफोर्नियात शिकवली. संशोधनाचा भक्कम आधार तिला अजूनही नाही. म्हणून जित्याजागत्या माणसाला नंबर चिकटवण्याआधी परीकथांतल्या पात्रांवर हात बसवावा, असं मी आग्रहाने सांगते.

कारण इथे पात्र काय करतं यापेक्षा ते का करतं, कशाला घाबरतं, ते बघायचं असतं. हिमगौरीची सावत्र आई घ्या. दुष्ट, हुकूम गाजवणारी, म्हणून लोक तिला पटकन आठ नंबर देतात. पण आठला धास्ती असते ती दुसऱ्याच्या मुठीत जाण्याची. राणीवर कुणाची हुकमत नाही, राज्यही धोक्यात नाही. ती आरशाला विचारते, सगळ्यांत सुंदर कोण? त्याने दुसरं नाव घेतलं की तिच्या लेखी तिला स्वतःलाच काही किंमत उरत नाही. ही कौतुकावर स्वतःची किंमत ठरवणारी तीन, तीही पार बिघडलेली.

सिंड्रेला सोशीक, सगळ्यांचं करणारी, म्हणजे मदतीला धावणारी दोन किंवा भांडण टाळणारी नऊ, हे तर उघडच वाटतं. फ्रेंच लेखक पेरो यांची १६९७ मधली सिंड्रेला आहेही तशीच. ती बहिणींना माफ करते, राजवाड्यात ठेवून घेते, सरदारांशी त्यांची लग्नं लावून देते. ग्रिम बंधूंची सिंड्रेला मात्र निराळी. वडील जत्रेला निघतात तेव्हा बहिणी उंची कपडे आणि मोती मागतात. ही मागते परतीच्या वाटेवर त्यांच्या टोपीला लागेल ती पहिली डहाळी. ती आईच्या थडग्यावर लावते आणि इतकी रडते, की त्या आसवांवरच डहाळी रुजते. या गोष्टीत परी नाही, बाराचे ठोकेही नाहीत. राजपुत्र मागोमाग आला की ती आपणहून पळते, एकदा कबुतरखान्यात, एकदा झाडावर. हरवलेलं उराशी धरून ठेवायचं आणि हवं ते जवळ आलं की लांब जायचं, हे मला अस्सल चार वाटतं. सांगणारा बदलला आणि नायिकेचा नंबर बदलला.

आपल्या चिऊ-काऊचं बघा. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी आतून ‘थांब, बाळाला अंघोळ घालू दे’, ‘थांब, बाळाला तीट लावू दे’ म्हणत राहते. दाराबाहेरच्याची भीती वाटते म्हणून? मग ती सहा. की हातातलं काम नीट झाल्याशिवाय दुसरीकडे बघायचंच नाही म्हणून? मग ती एक. गोष्ट उत्तर देत नाही, सांगणाऱ्याचा आवाज देतो. मुलांना ‘चिऊ वाईट का?’ विचारण्याऐवजी ‘चिऊला कसली भीती वाटत असेल?’ असं विचारून बघा.

मला सर्वांत आवडतात त्या आकृतीतल्या रेषा. ताण आला की प्रत्येक प्रकार रेषेने जोडलेल्या दुसऱ्या प्रकारासारखा वागू लागतो. नऊ सरकतो सहाकडे. ग्रिम यांच्या निद्रिस्त राजकन्येचा बाप आठवा. राज्यात शहाण्या स्त्रिया तेरा, सोन्याच्या ताटल्या बाराच. तेरावी ताटली घडवायची नाही, त्या तेरावीशी बोलायचं नाही, तिला बोलावणंच टाळायचं. कटकट नको म्हणणारा हा नऊ. ती येऊन शाप देते, पंधराव्या वर्षी राजकन्येला सूत कातायची चाती टोचेल. लगेच हा शांत माणूस राज्यातली एकूण एक चाती जाळायचा हुकूम काढतो. आता तो पुरता सहा झालेला असतो. आणि मुलीला पंधरावं लागतं नेमक्या त्याच दिवशी राजा-राणी घरी नसतात. चात्या जाळल्या, आता कसली काळजी, असंच त्याला वाटलं असणार. तो पुन्हा नऊ झाला होता.