कोळसा हवा होता तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. खाणउद्योगातील स्त्री-पुरुष समानता आणि शाश्वत विकास हे दोन विषय आज एकत्रच मांडले जातात. त्यांच्याविषयी बोलण्यापूर्वी 1943 सालच्या डिसेंबर महिन्यातील एक प्रसंग सांगतो. तो सांगितल्याखेरीज मला पुढे जाता येत नाही.

महायुद्ध ऐन भरात होते आणि रेल्वे व कारखाने कोळशावाचून अडू लागले होते. ब्रिटिश सरकारच्या 1929 च्या नियमांनी स्त्रियांना टप्प्याटप्प्याने भूमिगत खाणींतून बाहेर काढले होते आणि 1939 पर्यंत ही बंदी पूर्ण झाली होती. पण पुरुष मजूर कमी पडताच त्याच सरकारने 1943 मध्ये ती उठवली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. डिसेंबरमध्ये ते झरियाच्या कोळसा क्षेत्रात गेले, सुमारे 400 फूट खाली उतरले, कोळसा तोडणारे हात त्यांनी जवळून पाहिले आणि वर येऊन मजुरांच्या राहत्या खोल्याही पाहिल्या. 1944 च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळात बंदी उठवण्याच्या या निर्णयावर कडाडून टीका झाली. ही युद्धकाळापुरती नाइलाजाची सवलत आहे, असे बाबासाहेबांनी सांगितले. पण सोबतच्या अटीही मांडल्या. साडेपाच फुटांहून कमी उंचीच्या बोगद्यात स्त्रीला कामाला लावायचे नाही, आणि समान कामाला समान वेतन द्यायचे. लिंगभेद न करता समान वेतनाचे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. पुन्हा सांगतो, 1944 साली, आणि तेही कोळशाच्या खाणीत! युद्ध संपले, 1946 मध्ये बंदी परत आली, आणि पुरुषाइतका रोज मिळवणारी बाई पुन्हा वर आली.

गरज असेल तेव्हा बाई चालते आणि गरज सरली की तिच्या सुरक्षेची काळजी वाटू लागते. 1952 च्या खाण कायद्याच्या कलम 46 नेही भूमिगत कामाची दारे बंदच ठेवली. ती 2019 मध्ये काहीशी उघडली आणि 2021 मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडमधील चुरी भूमिगत खाणीत अभियंता म्हणून रुजू झाल्या. मात्र ही मुभा तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांपुरतीच होती. हाताने राबणाऱ्या बाईला तिचा लाभ नव्हता. त्यातही खाणीत उतरण्यासाठी लेखी संमती द्यायची ती बाईनेच. 8 मार्चला गुलाबाचे फूल देणाऱ्या कार्यालयांनी आधी खाणीच्या तोंडाशी स्वच्छ, पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह बांधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाश्वततेचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. खाण कोरडी ठेवण्यासाठी पाण्याचा सतत उपसा होतो, आसपासच्या विहिरी खाली जातात आणि हंडा घेऊन लांब जाणारी बाईच असते. जमीन जाते तेव्हा सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे असते, म्हणून मोबदला आणि नोकरीही बहुधा त्यालाच मिळते. 2015 पासून खाणपट्टाधारकांना रॉयल्टीच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम भरावी लागते. पिण्याचे पाणी, आरोग्य, महिला व बालकल्याण यांना त्या निधीतून प्राधान्य आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, भंडारा जिल्ह्यांतील खाणपट्ट्यातल्या श्रोत्यांनी आपल्या गावाला या निधीतून काय मिळाले, हे ग्रामसभेत विचारावे. आणि ती सभा सकाळी अकराला न ठेवता संध्याकाळी ठेवावी, अशी मागणीही करावी, कारण अकरा वाजता निम्म्या बाया रोजावर गेलेल्या असतात. नमस्कार.