मुरुडशेंग: वेढ्यांनी मोजायचं औषध

पावसाळ्यात सह्याद्रीच्या पानझडी रानात विटकरी लाल फुलांचं हे झुडूप दिसतं. त्याच फांदीवर राखी-निळसर फुलंही आहेत. ती वेगळ्या जातीची नाहीत. लाल फूल जुनं झालं की असं निळं पडतं. हे केवण. पानं खरबरीत, सालीचा वाख इतका चिवट की त्याचे दोर वळतात. घराघरांत मात्र याची ओळख फळामुळे: मुरुडशेंग.

शेंग जवळून पाहा. फळाच्या पाच बारीक फाका एकमेकींना पीळ घालून बसल्या आहेत. पोटात पीळ पडतो तो मुरडा, म्हणून त्यावर ही पिळाची शेंग, असं म्हणतात. गुण मात्र पिळाचा नाही, तुरटपणाचा आहे. आणि हाच तुरटपणा जास्त झाला की बद्धकोष्ठ होतं.

हिवाळ्यात शेंगा तपकिरी झाल्या की हातानं खुडाव्यात. फांदी तोडायची गरज नसते. पीळ उकलून बिया सांडलेली शेंग घेऊ नये. भोक पडलेली, आतून भुगा येणारी शेंगही टाकून द्यावी. पिळाच्या खाचांत ओल राहते, म्हणून पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात भरलं की आतून बुरशी धरते.

बाळगुटीत हिरडा, वेखंड, जायफळ यांच्या जोडीला ही असतेच. सहाण उकळत्या पाण्यानं धुवायची, उकळून गार केलेल्या पाण्याचे थेंब टाकायचे आणि शेंग गोल फिरवायची. मात्रा वेढ्यांत: एक, फार तर दोन. हात जड पडला की त्याच दोन वेढ्यांत दुप्पट उगाळलं जातं. घोटाळा इथेच होतो. ओली शेंग तशीच डब्यात ठेवली, तर उद्याच्या गुटीत बुरशी जाते. ती धुऊन उन्हात वाळवावी. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध, असं डॉक्टर सांगतात. ते पाळावं, गुटीचा विचार त्यानंतर, तोही डॉक्टरांना विचारून.

मोठ्यांच्या मुरड्यावर काढा करतात. दोन-तीन शेंगा खलबत्त्यात जाडसर कुटायच्या, दोन कप पाण्यात मंद आचेवर निम्मं आटवायचं. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्यावं. लोखंडाच्या भांड्यात तुरट द्रव्यामुळे काढा काळा पडतो. दुहेरी फडक्यानं गाळावं, नाहीतर शेंगेची बारीक लव घशाला लागते. अर्धा कप सकाळी, अर्धा संध्याकाळी. मुरडा थांबला की काढाही थांबवायचा. पुढे चालू ठेवला तर बद्धकोष्ठ होतं.

मधुमेहावर याच्या मुळाच्या सालीचा काढा घेण्याची रीत आहे. त्यासाठी चालू गोळ्या बंद करू नयेत. आणि शौचात रक्त, ताप, किंवा बाळाचं पोट फुगून कडक झालं असेल, तर सहाण बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.