शिष्यवृत्ती येईपर्यंत

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, नाहीतर विद्यापीठाच्या आसपास कुठंही उभं राहा आणि रूम करून राहणाऱ्या एखाद्या पोराला विचारा, बाबा तुझी स्कॉलरशिप आली का? तो आधी हसतो आणि मग तुम्हालाच विचारतो, "कुठल्या वर्षाची?"

फॉर्म भरायचा पावसाळ्यात. महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर कागदपत्रं चढवायची, मग तो अर्ज कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून खात्याच्या लॉगिनला, मधे कोणीतरी त्रुटी काढून परत पाठवतो, दाखल्याचा स्कॅन नीट दिसत नाही म्हणे, मग परत रांगेत. सायबर कॅफेवाल्याला पन्नास रुपये, परत पन्नास रुपये. मेसचं बिल मात्र एक तारखेला येतं, रूमचं भाडं पाच तारखेला, आणि मेसवाल्या काकूंना पोर्टलवरचा "अंडर स्क्रुटिनी", म्हणजे अर्ज अजून तपासणीत आहे, हा शब्द दाखवून भागत नाही.

आता आकडे बघू. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारनं 2016-17 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. तेव्हा पुण्या-मुंबईसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले, म्हणजे जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000 आणि निर्वाह भत्ता 8,000. कागदावर चांगली रक्कम आहे, नाही म्हणायचं कारण नाही. पण राहण्याच्या 20,000 ला बारानं भागा, महिन्याला साडेसोळाशेच्या आसपास येतात, आणि तेवढ्यात पेठेत आख्खी रूम तर सोडाच, कॉट बेसिसवर धड कॉटही मिळत नाही. आणि ही रक्कमसुद्धा महिन्याच्या महिन्याला येत नाही, जेव्हा येईल तेव्हा गठ्ठ्यानं येते.

म्हणून मग पोरं काम करतात. आणि इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला पाहिजे, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सरकार पैसे देतंय तरी ह्यांना वरकमाई कशाला हवीय, मोबाईल-बुलेटचे लाड असतील. अहो, सरकारचे पैसे येईपर्यंत खायचं काय, एवढाच प्रश्न आहे. सरळ हिशेब केला तर हा पोरगाच सरकारला उधार देतोय, तेही बिनव्याजी, आणि ती उधारी फेडायला रात्री बादली घेऊन पंगतीत वाढतोय.

हे वाढण्याचं उगाच नाही म्हटलं. आमच्यासोबत जो पोरगा बोलला तो परभणीकडचा, बीएस्सीला आहे, नाव नको म्हणाला. लग्नसराईत तो केटरिंगला जातो. दुपारी अडीचला लेक्चर संपलं की बॅगेत पांढरा शर्ट, काळी पँट, तशीच बस धरायची आणि कार्यालय गाठायचं. आधी टेबलं लावायची, ताटं पुसायची, मग बफे असेल तर काउंटरला उभं राहायचं, पंगत असेल तर मात्र कंबरडं मोडतं, एका हातात मठ्ठ्याचा जग आणि दुसऱ्या हातात जिलबीचं ताट घेऊन वाकून वाकून रांग संपवायची आणि नवरीकडच्या काकांनी "अरे इकडे कोणी बघतंय का" असं ओरडलं की हसून "आलो काका" म्हणायचं. रात्री अकराला मुकादम रोख चारशे-पाचशे हातावर ठेवतो. त्याला विचारलं, त्रास कशाचा होतो, तर म्हणाला, "कामाचा नाही होत. वर्गातली पोरगी पाहुणी म्हणून येते तेव्हा होतो."

केटरिंगच का, तर रोख मिळतात आणि त्याच दिवशी मिळतात, बाकी काही नाही. फूड डिलिव्हरीत पैसे जास्त सुटतात पण गाडी स्वतःची लागते, पेट्रोल स्वतःचं, आणि बऱ्याच वसतिगृहांचं गेट रात्री ठरल्या वेळेला बंद होतं, म्हणजे ज्या वेळेला ऑर्डरी जास्त त्याच वेळेला हा आत पाहिजे. शिकवण्या घेतल्या तर इज्जत आहे, पण पालक फी द्यायला सरकारइतकेच निवांत! आणि टेलिग्रामवर ते व्हिडिओ लाइक करा, रोज दोन हजार कमवा वगैरे येतं ना, त्यात पोरं बुडतात, पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच देतात आणि मग तुमचेच पाच हजार भरायला लावतात. त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

खरं तर शिकता शिकता कमवायची गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाहीच. जुन्या पुण्यात गरीब पोरं वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, नाहीतर माधुकरी मागायची, त्यात पोट भरायचं पण मान खालीच असायची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात सगळ्या जातीधर्माच्या पोरांचं बोर्डिंग सुरू केलं, तिथं पोरं शेतात राबायची, स्वयंपाकाला हात लावायची आणि शिकायची. 1947 ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही ह्याच पायावर. पुण्यात 1955 पासून विद्यार्थी साहाय्यक समिती आहे, डॉ. अच्युतराव आपट्यांनी उभी केलेली, खेड्यातून आलेल्या कितीतरी पिढ्या तिथं राहून शिकल्या. आणि आज विद्यापीठाची "कमवा व शिका" योजना आहेच, लायब्ररीत पुस्तकं लावायची, ऑफिसात फायली, बागेत काम, दिवसाला साधारण तीन तास. दर तासाला 45 रुपये होता, तो नंतर 55 केला. महिनाभर नियमित गेलं तर मेसचं बिल निघतं, कॉलेजच्या आवारात असल्यामुळं लेक्चर बुडत नाही आणि मुलींना उशिरापर्यंत बाहेर राहायला लागत नाही, म्हणून मला ती अजूनही सगळ्यात सेफ वाटते. फक्त कर्मवीरांच्या बोर्डिंगात राबलेल्या पोराला रात्रीचं जेवण त्याच रात्री मिळायचं, आणि आज काही ठिकाणी ह्या योजनेचं मानधन यायलाही दोन-तीन महिने लागतात, तेव्हा मात्र हसावं की रडावं कळत नाही.

आता ती मोठी भीती. "सर, काम करताना सापडलो तर स्कॉलरशिप बंद होईल का?" आम्ही ज्या पोरांशी बोललो त्यातल्या प्रत्येकानं कॅमेरा बंद झाल्यावर हे विचारलं. तर बघा, अर्जाला लागतो तो तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला अख्ख्या कुटुंबाचा असतो, एकट्या तुमचा नाही. संध्याकाळी चार तास वाढायला जाणं वेगळं आणि फुलटाइम नोकरीत पगारपत्रकावर असताना पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून शिष्यवृत्ती घेणं वेगळं. दुसरं केलं तर अडचण येऊ शकते, आणि रिसर्चची फेलोशिप घेताना तर दुसरी नोकरी करणार नाही असं लिहूनच घेतात. प्रत्येक योजनेचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, वेगळा आहे, तो मराठीतच असतो, वाचायला कंटाळा येतो पण रूममेटनं सांगितलं म्हणून चालू नका. आणि जिथं सगळे खरंच अडकतात ती गोष्ट म्हणजे हजेरी. बहुतेक ठिकाणी 75 टक्के लागते. पोरगा कामावर असतो, सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला झोपलेला असतो, आणि शिष्यवृत्ती जाते ती कमाईमुळं नाही, झोपेमुळं.

अजून एक भानगड सांगतो, ही कुणी सांगत नाही. नव्या कामावर गेलं की मालक म्हणतो अमुक बँकेत खातं काढ, मोबाईलवर पाच मिनिटांत निघतं, तिथं आधार जोडून घे असं विचारतात आणि आपण होकार देऊन मोकळे. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलंय तिथं जातात. म्हणजे पोरगा गावातल्या बँकेच्या पासबुकावर एंट्री मारत बसतो आणि पैसे कधीच नवीन खात्यात जाऊन पडलेले असतात, जे मिनिमम बॅलन्स नाही म्हणून त्यानं परत कधी बघितलेलंही नसतं. बँकेत जाऊन आधार सीडिंग कुठं आहे ते एकदा विचारून घ्या, काउंटरवरच्या मॅडम वैतागतील, वैतागू देत.

ज्यांचे ट्यूशनचे, डिझाइनचे पैसे कंपनीकडून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला इन्कम टॅक्स, वजा होऊन येतात त्यांनी इन्कम टॅक्स रिटर्न भरलं तर ते परत मिळतात, कारण एवढ्याशा कमाईवर टॅक्स बसतच नाही. आणि शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त असते.

आमच्या परभणीच्या पोराकडं परत येऊ. एप्रिल-मेमध्ये लग्नाच्या सगळ्यात जास्त तारखा, आणि तेव्हाच युनिव्हर्सिटीची परीक्षा. मुकादम रोज फोन करतो, आज तरी ये, माणसं कमी आहेत. पोरगा नाही म्हणतो. मग मार्चमध्येच जमेल तेवढं कमवून ठेवायचं आणि दीड महिना त्यावर काढायचा असं त्यानं ठरवलंय. शिष्यवृत्ती आली की काय करणार विचारलं तर यादी तोंडपाठ आहे. त्यातली कॉलेजची फी आधी कॉलेजला भरायची, कारण शिष्यवृत्तीतले केंद्र सरकारच्या वाट्याचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि खात्यात दिसले म्हणून ते आपले होत नाहीत, इथं पोरं फसतात. मग काकूंचे दोन महिने. मग रूममेटचे बावीसशे. उरले तर गावाकडं जायचं तिकीट, नाहीतर परीक्षा संपल्यावर दोन लग्नं वाढून त्यातून तिकीट काढणार म्हणतो, मुकादमाशी बोलून ठेवलंय.