हळद पांढरी, कुंकू काळं

स्क्रीनवर आत्ता जो ब्लॅक अँड व्हाईट फोटो आहे तो जरा नीट बघा. साताऱ्याकडचं एक मंगल कार्यालय, स्टेजमागची छोटी खोली, नवरी गौरीहर पुजायला बसलीये. डावीकडे एकच खिडकी. अंगावर मामाकडची अष्टपुत्री आहे, म्हणजे खरं तर पिवळीधमक साडी, पण इथे ती जवळजवळ पांढरी दिसते आणि कपाळावरचं कुंकू पार काळं. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि ती कॅमेऱ्याकडे बघत पण नाहीये, चिमटीतल्या तांदळाकडे बघतेय.

हल्ली लग्नात असे फोटो खूप मागतात. मूडी, ब्लॅक अँड व्हाईट, एडिटोरियल, म्हणजे फॅशन मॅगझिनच्या पानावर शोभेल असं. आणि बऱ्याच जणांना वाटतं की रंगीत फोटो काढायचा, नंतर फिल्टर टाकायचा, झालं काम. तसं होत नाही हो. ज्या फोटोत उजेड चारी बाजूंनी सारखा पडलाय त्याचा रंग काढला की उरतो फक्त करडा चिखल. हिरवा चुडा आणि लाल शालू डोळ्यांना किती वेगळे दिसतात, पण करड्यात दोघं एकाच पट्टीत जाऊन बसतात आणि मग हात कुठे संपला न साडी कुठे सुरू झाली कळत नाही. हा फोटो क्लिक करायच्या आधी ठरवावा लागतो, खिडकी कुठेय, नवरीला कुठल्या बाजूला बसवायचं, आणि व्हिडिओवाल्याला दादा दोन मिनिटं लाईट बंद कराल का असं कधी विचारायचं.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. आजी-आजोबांच्या लग्नाचे फोटो असेच होते की, तेव्हा पर्याय नव्हता. १२० नंबरचा फिल्मचा रोल, चौकोनी फोटोवाला कॅमेरा असेल तर एका रोलमध्ये बारा फोटो. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल पण मिळायचा. काही स्टुडिओवाले तर तयार फोटोवर ब्रशने रंग भरून द्यायचे, गालाला गुलाबी, साडीला हिरवा. लोकांना रंगाची इतकी ओढ होती, आणि आज रंग फुकट मिळतोय तर आपण तो काढून टाकायला सांगतोय.

आत्ताची जी स्टाईल आहे ती मात्र मॅगझिनकडून आलीये. पीटर लिंडबर्ग नावाचा जर्मन फोटोग्राफर होता, जानेवारी १९९० च्या ब्रिटिश व्होगच्या कव्हरवर त्याचा पाच मॉडेल्सचा ब्लॅक अँड व्हाईट फोटो आहे, साधे कपडे, मेकअप जेमतेम. चेहरे रिटच करून गुळगुळीत करायच्या तो शेवटपर्यंत विरोधात होता. आपल्या लग्नांनी त्याच्याकडून काळोख घेतला, पण चेहऱ्याला हात लावायचा नाही ही गोष्ट घ्यायला आपण विसरलो, असं मला मनापासून वाटतं.

कारण बघा, रंगीत फोटोचा ब्लॅक अँड व्हाईट करताना सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर असतो, तो सरकवून तो रंग करड्यात उजळ किंवा गडद करता येतो. पिवळा वर नेला की हळद उजळते. आपली कातडी येते केशरी आणि लाल रंगात. नवरी सावळी असली की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, जरा उजळ करा ना तिला. मग केशरी वर, लाल वर, चेहरा होतो गोरा, पण त्याच लालात कुंकू आहे आणि त्याच पट्ट्यात मेंदी पण आहे. कुंकू फिकट होतं, मेंदी तळहातातून निघूनच जाते. इथे दोन्ही फोटो शेजारी ठेवलेत, बघा. डावीकडे गोरी केलेली नवरी, कपाळ जवळजवळ मोकळं. उजवीकडे ती आहे तशी, सावळी, आणि कुंकू ठसठशीत. सावळ्या कातडीवर बाजूने उजेड पडला की गालाच्या हाडावर जी चमक येते ती गोऱ्या केलेल्या चेहऱ्यावर येतच नाही, ती तिथे पुसली गेलेली असते.

आता अंतरपाट. भर दुपारचा मुहूर्त, स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी, रंगीत फोटोत सगळ्यांचे चेहरे जांभळे. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये ती जांभळी छटा जाते आणि कामाला येतो तो अंतरपाटच, कारण पांढरं कापड बाजूचा उजेड दोन्ही चेहऱ्यांवर परत फेकतं, वेगळा रिफ्लेक्टर लागत नाही. एक्सपोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, थोडं खाली ठेवायचं म्हणजे कापड जळत नाही, नुसतं पांढरंफटक होत नाही, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक टिकतं. शेवटच्या सावधानला अक्षता उडतात, त्या हवेत थांबवायच्या तर शटर पाचशेच्या वर हवं, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा कमी वेळ उघडं, आणि हॉलमधल्या कमी उजेडात तेवढं शटर म्हणजे आयएसओ, कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, ३२०० किंवा जास्त. ग्रेन येतो, म्हणजे फोटोत बारीक दाणे दिसतात. येऊ दे, इथे तो छान दिसतो.

घरातली मोठी माणसं म्हणतात, शुभकार्यात काळं कशाला. त्यांचं हे म्हणणं उडवून लावू नये, त्यांच्यासाठी रंगीत अल्बम वेगळा द्यावाच. पण मंगळसूत्राचे मणी काळेच असतात ना, आणि ब्लॅक अँड व्हाईटमध्ये ते जसेच्या तसे उतरतात.

फोटोग्राफर ठरवताना त्याचे निवडक दहा फोटो बघू नका, एका लग्नाचा पूर्ण अल्बम मागा, तो पण दुपारच्या मुहूर्ताचा, साध्या कार्यालयातला. ट्यूबलाईटखाली त्याने काय केलंय ते दिसेल. रंगीत फाईल्स पण मिळणार का ते आधीच विचारून घ्या. आणि हळदीचे फोटो माझ्या मते रंगीतच ठेवावेत, तिथे अंगणात सगळीकडून ऊन असतं, सगळे हसत असतात, आणि पिवळा काढला तर त्या फोटोत राहिलं काय.