गोदवेर्सवेल्द : फ्रान्समधलं फ्लेमिश गाव

आधी पाटीवरचं नाव बघा, गोदवेर्सवेल्द. यातलं 'वेल्द' म्हणजे शेत, आणि शब्द फ्रेंच नाही, फ्लेमिश आहे, म्हणजे पलीकडच्या बेल्जियममध्ये बोलतात त्या डच बोलीतला. उत्तर फ्रान्समधलं हे दोनेक हजार वस्तीचं गाव, चालत निघालात तरी थोड्या वेळात बेल्जियममध्ये पोचाल.

१६७७ मध्ये जवळच्याच पेनच्या लढाईत चौदाव्या लुईच्या फौजेनं डचांना हरवलं आणि पुढच्या वर्षी नायमेखेनच्या तहात हा सगळा पट्टा फ्रान्सकडे गेला. मग १७१३ मध्ये परत तह झाला, त्यात पोपरिंगे, ईपर ही शेजारची शहरं आजच्या बेल्जियमच्या बाजूला परत गेली आणि हे गाव मात्र इकडेच राहिलं. बोली तीच, चर्च तशीच, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सचे उंच उंच वेलही दोन्हीकडे सारखेच, फक्त मधून सरहद्द.

सरहद्द आली की जकात आली आणि जकात आली की चोरवाटा आल्याच. पलीकडे तंबाखू स्वस्त, इकडे त्यावर सरकारी मक्तेदारी, मग लोक रात्री शेतातनं माल आणायचे, त्यांना इथल्या बोलीत ब्लाउवर म्हणतात. आणि नुसती माणसं नाही, कुत्री पण! कुत्र्याला पलीकडे न्यायचं, अंगावर तंबाखू बांधायची आणि अंधारात सोडून द्यायचं, ते घराच्या ओढीनं पळत सुटायचं. त्याआधी कुणीतरी कस्टमवाल्याचा युनिफॉर्म घालून त्याला काठीनं झोडपायचं, म्हणजे तो युनिफॉर्म लांबून दिसला तरी ते वाट बदलणार. त्या मुक्या जनावराला कसली जकात न कसली सरहद्द, मला खरंच फार वाईट वाटलं हे कळल्यावर.

गावाच्या हद्दीतच १६४ मीटरचा मों दे का डोंगर आहे, वर ट्रॅपिस्ट या कडक ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा १८२६ मधला मठ, त्यांचं चीज १८९० पासूनचं.

पण बोली गेली हो. शाळेत फ्लेमिश बोललं की पोरांना शिक्षा व्हायची, मग त्याच पोरांनी आईबाप झाल्यावर घरात फ्रेंच धरलं, आणि आता फ्लेमिश राहिलीये ती बरीचशी म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि दारावरच्या आडनावांत.

१९९३ मध्ये सरहद्दीवरची जकातीची तपासणी उठली. आज गावातल्या जुन्या धाटणीच्या खानावळीचं नाव आहे हेत ब्लाउवर्सहोफ, म्हणजे स्मगलरांचा वाडा, आत बिअरमध्ये शिजवलेलं बीफ मिळतं. आणि गावाचा मिरवणुकीत नाचवायचा अवाढव्य पुतळा कुणाचा, तर आँरी नावाच्या कस्टमवाल्याचा.