टिनमधल्या माशाचं सूप: मासा शेवटी, म्हणजे अगदी शेवटी

नमस्कार मंडळी. टिनमधल्या माशाचं साधं, स्वस्तातलं सूप दाखवा, ही मागणी सारखी येतेय. सोबत एक तक्रारही येतेय: "केलं, पण वास मारतो, आणि मासा कुठे गेला तेच कळत नाही." दोन्हीचं कारण एकच आहे. आजचा बराचसा वेळ त्यालाच देऊ.

आधी साहित्य, पटकन. मीठपाण्यातल्या किंवा स्वतःच्याच रसातल्या माशाचा 240 ग्रॅमचा टिन, किंवा 120 चे दोन. मॅकरेल, सार्डिन, सामन, काहीही चालेल. ट्यूनाही चालेल, पण तो कोरडा असतो, सूपला तितकी चव देत नाही. सव्वा लीटर पाणी, 3 मध्यम बटाटे, एक कांदा, एक गाजर, 2 टेबलस्पून तांदूळ, तमालपत्राचं एक पान, पाच-सहा मिरे, थोडं तेल. चौघांना पुरतं.

पाणी उकळायला ठेवा. तोवर बारीक चिरलेला कांदा आणि गाजर तेलात मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परता. कांदा पारदर्शक झाला की थांबा, लाल करू नका. उकळत्या पाण्यात धुतलेले तांदूळ घाला. 5 मिनिटांनी बटाट्याच्या दीड सेंटिमीटरच्या फोडी, परतलेला कांदा-गाजर, तमालपत्र आणि मिरे. झाकण अर्धवट ठेवून 12 मिनिटं. सुरीचं टोक फोडीत सहज शिरलं पाहिजे. मीठ अजून घालायचं नाही.

आणि मासाही अजून टिनमध्येच आहे. इथेच बहुतेकांचं चुकतं.

हा मासा कच्चा नसतो. कारखान्यात टिन सीलबंद केल्यावर तो बंद टिनच दाबाखाली तापवतात, साधारण 115 ते 121 अंश सेल्सिअसपर्यंत. मासा त्या टिनमध्येच पूर्ण शिजतो. "काटे मऊ व्हावेत म्हणून अर्धा तास उकळला," असं कॉमेंटमध्ये येतं. अहो, काटे आधीच मऊ असतात! (मणक्याचा तुकडा कॅमेऱ्याजवळ धरून) हा बघा, दोन बोटांत दाबला. झाला चुरा. हे काटे काढूही नका. ते खाता येतात आणि त्यांत भरपूर कॅल्शियम असतं. अर्धा तास उकळून काट्यांचं काहीच होत नाही, मांसाचे मात्र धागे होतात. मासा "कुठे गेला" तर तो असा गेला.

आता वासाचं. सूप जितका वेळ खळखळ उकळेल, तितकी माशाची चरबी बारीक फुटून पाण्यात मिसळते. सूप गढूळ होतं, वास घरभर होतो. मग तो मारायला लोक मसाला वाढवतात, लसूण दुप्पट करतात. त्यापेक्षा उकळणंच टाळा ना!

तिसरी शंका हमखास येते: "पण आधी घातला तर माशाचा अर्क पाण्यात उतरेल की." अर्क उतरलेलाच आहे, टिनमधल्या रसात! आणि नेमका तोच रस बरेच जण सिंकमध्ये ओतून देतात. कृपा करून असं करू नका. सूपची अर्धी चव त्या चार-पाच चमच्यांत असते.

म्हणून क्रम असा. बटाटा शिजला की आधी टिनमधला रस घाला, एक उकळी येऊ द्या आणि आता चव बघा. रसात मीठ असतंच, वरून लागेल तेवढंच घाला. मग आच मंद करा आणि माशाचे मोठे तुकडे अलगद सोडा. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की 2 मिनिटं, आणि गॅस बंद. झाकण ठेवून 10 मिनिटं तसंच राहू द्या. डावाने ढवळायचं नाही. हलवायचंच असेल तर पातेलं दोन्ही कानांना धरून हलकेच फिरवा.

मासा तेलातला असेल तर तेल निथळून घ्या आणि त्यातलंच चमचाभर कांदा परतायला वापरा. बाकीचं सूपमध्ये ओतलंत तर वर तवंग येतो.

टोमॅटो सॉसमधला मासा असेल तर बटाटा पूर्ण शिजल्याशिवाय तो सॉस घालूच नका. आंबटपणात बटाटा मऊ व्हायला फार वेळ लावतो. "वीस मिनिटं झाली तरी कडक," असं लिहिणाऱ्यांनी हे तपासा. या सूपमध्ये दूधही घालू नका, फाटेल. लिंबू पिळायचं तर वाटीत.

एका प्रश्नाचा फोटोच आला होता: "टिनमध्ये काच निघाली." माशातल्या नैसर्गिक क्षारांचे असे पारदर्शक खडे कधीकधी बनतात, त्यांना स्ट्रुव्हाइट म्हणतात. कोमट व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात टाकून मंद तापवा. काही मिनिटांत विरघळू लागला तर क्षार. जसाच्या तसा राहिला तर काच समजा आणि मासा टाकून द्या.

टिन फुगलेला असेल, गळत असेल, गंजून खड्डे पडले असतील किंवा शिवणीवर चेपलेला असेल, तर उघडूही नका आणि चाखूनही बघू नका. चांगल्या दिसणाऱ्या टिनमधला मासाही जिभेला मिरीसारखा चरचरला तर थुंकून टाका. ते हिस्टामाइन, म्हणजे खराब होऊ लागलेल्या माशात तयार होणारं घातक द्रव्य, असू शकतं, आणि ते उकळून जात नाही.

उरलेला मासा उघड्या टिनमध्ये ठेवू नका, काचेच्या डब्यात काढा. सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा. तांदूळ रात्रभर पाणी पितो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते घट्ट झालेलं असेल. लागेल तेवढंच दुसऱ्या भांड्यात काढा, थोडं गरम पाणी घाला आणि चांगली वाफ येईपर्यंत तापवा. ढवळायचं नाही, हे तेव्हाही लागू आहे.